दोन मासे, बारा टोपल्या आणि आमचं गुंतवणूकदार केंद्र

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टिलोबा गावच्या टपाल कचेरीत खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसलो. त्या एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही अर्ज चुकीचा भरला गेला नाही, हे सुरुवातीलाच नम्रपणे नोंदवून ठेवतो. पुढचं सगळं ऐकल्यावर कुणी यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून आधीच.

माझं नाव लूशस पेटवे. माउंट निबो बाप्टिस्ट चर्चचा मी ज्येष्ठ डीकन, म्हणजे पाद्रींच्या हाताखालचा कारभारी. देवाने मला आवाज दिला नाही, कान दिले. आमचे रेव्हरंड मेब्री प्रवचनाच्या शेवटी बोलता बोलता गाऊ लागतात, वाक्यावाक्याला ऑर्गन त्यांचा हात धरतो, आणि बाकांवरून "बोला, रेव्हरंड!" असा पुकारा उठतो, तेव्हा माझ्या गुडघ्यातली संधिवाताची कळसुद्धा थांबते. त्या पंधरा मिनिटांसाठी मी उरलेला आठवडा जगतो, असं माझी बायको अर्लीन म्हणते. ते खोटं नाही.

अर्लीनच्याच कारणाने हे सगळं सुरू झालं. तिची मूत्रपिंडं सहा वर्षांपूर्वी थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि डायलिसिसची सगळ्यात जवळची खुर्ची चोपन्न मैलांवर. आमच्या चर्चच्या अशा सात बायका. सोमवार, बुधवार, शुक्रवार सूर्य उगवायच्या आत चर्चची पांढरी व्हॅन निघायची आणि दुपार कलल्यावर परत यायची. त्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत व्हॅन कपाशीच्या शेतांमध्ये बंद पडली. बाहेर बर्फाचा पाऊस, फोनला रेंज नाही. अर्लीनची एक पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि मी हॉस्पिटलच्या बाकावर हॅट हातात धरून बसलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "मिस्टर पेटवे, पुन्हा असं झालं तर त्या परत येतीलच असं समजू नका."

मला तेवढं पुरे झालं. टिलोबात डायलिसिसच्या आठ खुर्च्या हव्यात. पण बँका म्हणाल्या, गाव फार लहान. कंपन्या म्हणाल्या, गाव फार गरीब. राज्याच्या कचेरीने सुंदर कागदावर कळवलं की आमचं पत्र त्यांना मिळालं.

अशात ऑगस्टमधल्या गावभेटीच्या रविवारी, गाव सोडून गेलेले परत येतात तेव्हा, बर्निस क्रेनशॉ आली. राजधानीत वकिली करते. लहानपणी माझ्याच रविवारच्या वर्गात मागच्या बाकावर बसून टी-केक खायची. तिला मी रडगाणं ऐकवलं. बर्निस म्हणाली, "डीकन, एक वाट आहे. पण लांबची."

वाट अशी: परदेशातल्या माणसाने आपल्यासारख्या खेडेगावातल्या उद्योगात आठ लाख डॉलर घालायचे, त्यातून दहा जणांना काम मिळायला हवं, की सरकार त्याला, बायकोला आणि मुलांना ग्रीन कार्ड देतं. खेड्यातल्या अर्जांची रांग लवकर सरकते. पण दोघाचौघांचे पैसे एकत्र करायचे, तर मध्ये सरकारमान्य केंद्र लागतं.

"म्हणजे कचेरी?" मी विचारलं.

"कचेरी, कागद, आणि दरवर्षी सरकारला अहवाल. केंद्र काढणं म्हणजे बाळंतपण, डीकन. सांभाळणं म्हणजे पोर."

अर्ज भरायचे, म्हटल्यावर माझं रक्त सळसळलं.

आमच्या चर्चमध्ये कुठलीही गोष्ट सभेत ठराव आल्याशिवाय होत नाही. आदल्या वर्षी स्वयंपाकघरातला नळ बदलण्यावर तीन सभा झाल्या होत्या. केंद्राचा ठराव मात्र अकरा मिनिटांत मंजूर झाला, कारण काय मंजूर केलं ते कुणालाच कळलं नव्हतं. विरोध एकट्या ऑर्विलचा. ऑर्विल म्हणजे माझा शेजारी. गावात त्याचं केस कापायचं दुकान आहे, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून बोलायची सवय असल्यामुळे आपण बोलत असताना समोरच्याला हलता येत नाही, अशी त्याची समजूत आहे.

"डीकन," तो म्हणाला, "ज्या गावात आपली स्वतःची पोरं राहायला तयार नाहीत, तिथं कोण पैसे भरून यायचाय?"

"त्याने इथं राहायचंच नाहीये, ऑर्विल. पैसे इथं घालायचे, राहायचं हवं तिथं."

ऑर्विल म्हणाला, "मग माणूस शहाणा आहे. असा माणूस तुला पैसे देईल?"

रविवारच्या शाळेची मागची खोली केंद्राला मिळाली. लहान मुलांची खुर्च्या-टेबलं तिथंच होती. गुडघे हनुवटीला लावून मी कामाला बसलो. दारावर पाटी लागली: 'माउंट निबो स्थलांतरित गुंतवणूकदार केंद्र'. त्याखाली आधीचंच 'आत येताना पाय पुसा' राहिलं.

आणि इथं माझी चूक झाली. ती चूक टपाल खात्याच्या माणसाची नव्हती, बाप्टिस्टाची होती.

अर्जात एक रकाना होता: केंद्राच्या कामात सहभागी असलेल्या सर्व व्यक्तींची नावं. आता आमच्याकडे साध्या वाढदिवसाच्या पत्रिकेतून एखाद्या भगिनीचं नाव गळलं, तर ती तीन वर्षं दुसऱ्या दारानं चर्चमध्ये येते. १९९८ च्या इस्टरच्या पत्रिकेत सिस्टर डोव्हीचं नाव खालून दुसरं आलं होतं. अजून ती माझ्या हातचा चहा घेत नाही. तेव्हा मी रकान्यात सगळ्यांना घातलं. डीकन मंडळ, ज्येष्ठ भगिनींचं मातृमंडळ, दारावर उभं राहणाऱ्या स्वयंसेविका, स्वयंपाकघर समिती, आजाऱ्यांना भेटणारी समिती, गायकवृंद, ऑर्गनवाला ब्रदर डेलरॉय. एकूण त्रेचाळीस जण. जागा पुरली नाही, म्हणून मी पुरवणी जोडली, आणि चढत्या वयाप्रमाणे लावली, म्हणजे कुणी रुसायला नको.

सहा आठवड्यांनी बर्निसचा फोन आला.

"डीकन पेटवे. सहभागी म्हणजे चालवणारे. मालक. सूत्रं हातात असणारे. चार नावं पुरली असती."

"कुठली चार? बर्निस, तूच सांग कुठली चार, आणि तूच जाऊन बाकीच्या एकोणचाळीस जणांना सांग."

ती टिलोबाचीच मुलगी, तिला कळलं. "बरं. आता त्या प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज भरावा लागेल. पूर्ण माहिती. आणि बोटांचे ठसे."

ठसे घ्यायची सोय जिल्ह्यात एकाच ठिकाणी: शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत. स्वयंसेविका पांढरे हातमोजे घालून आल्या आणि ते कुणासमोर काढायचे यावर अर्धा तास गेला. ब्रदर डेलरॉयला ठसे देताना दहाही बोटं एकदम टेकवायची सवय. तीन कार्डं फुकट गेली. खरा घोळ पुढं झाला. मातृमंडळातल्या बहुतेक जणींनी तीस-तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात कॅटफिश साफ केले होते. बर्फ, सुऱ्या आणि खारं पाणी. सरकारकडून कार्डं परत आली: ठसे दिसत नाहीत. पुन्हा दिले, पुन्हा परत; शेवटी शेरीफच्या पत्रावर भागलं. सिस्टर ओला-बी आपली बोटं उजेडात धरून बघत म्हणाली, "मी इतकी वर्षं हात धुतेय आणि मला पत्ताच नाही, की मीच धुऊन चाललेय."

एकटी मदर झेल्मा ठसे द्यायला तयार नव्हती. तिचं वय पंच्याऐंशी. आमच्या व्हॅनच्या सात जणींतली सगळ्यात मोठी. ती म्हणाली, "बाळा, त्या इमारतीत मी एकदा गेले होते. मागच्या दारानं नेलं होतं मला. आता जाईन ती पुढच्या दारानं, माझी हॅट घालून, आणि दार शेरीफनं उघडलं पाहिजे."

शेरीफने उघडलं. चांगला मुलगा आहे. तिची हॅट जांभळी होती आणि इतकी रुंद, की दाराची दोन्ही कवाडं उघडावी लागली.

पण तिच्या अर्जात प्रश्न होता: आपणास कधी अटक झाली होती काय? मदर झेल्माने लिहिलं, हो. साल १९६३, आम्हा काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याचं. कारण? तिच्या थरथरत्या, पण वळणदार अक्षरात: 'न्यायालयाच्या पायऱ्यांवर गात होते.'

सरकारने त्या खटल्याच्या कागदाची अधिकृत नक्कल मागितली. मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने दोन दिवस शोधून सांगितलं, अशी नोंदच नाही. ही बातमी घेऊन मी मदर झेल्माकडे गेलो. मला वाटलं, ऐकून बाईला बरं वाटेल.

"नोंद नाही?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "मग नऊ दिवस आत कोण होतं? माझं भूत?"

"मदर, एक सुचवू? तुमचं नाव मागे घेतलं तर अर्ज पुढं सरकेल. चार महिने अडकलाय. अर्लीनचं तुम्हाला माहीतच आहे..."

हे मी बोललो. लिहायला आज लाज वाटते, पण बोललो. मदर झेल्माने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, रविवारच्या शाळेत पाठ न आलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"लूशस," ती म्हणाली, "अर्लीनला डायलिसिसला नेताना व्हॅनमध्ये तिचा हात कोण धरतं?"

ती धरायची. मी घरी गेलो.

त्या बुधवारी व्हॅनमध्ये काय बोलणं झालं ते बायकांनी कधी सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी मात्र सिस्टर ओला-बी आणि सिस्टर नेटी केंद्राच्या दारात हजर झाल्या, पाय पुसले, लहान मुलांच्या खुर्च्यांत बसल्या, आणि ओला-बी खाली बघून म्हणाली, "डीकन, आमच्या अर्जात एक चूक आहे. अटकेच्या रकान्यात आम्ही 'नाही' लिहिलंय."

"मग?"

"त्याच कोठडीत होतो की आम्ही. वाटलं, आमच्यामुळं तुमचं काम अडायचं."

दोघींनी शपथेवर लिहून दिलं की झेल्माला अटक झाली हे आम्हाला पक्कं माहीत, कारण आम्ही तिच्या उजव्या-डाव्या बाजूला उभ्या होतो. ती वरच्या पट्टीत, आम्ही खालच्या. सरकारने ते मान्य केलं. एका बाईने स्वतःची अटक सिद्ध करण्यासाठी साक्षीदार उभे केल्याचं आपल्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत पहिलंच उदाहरण, असं बर्निस म्हणाली.

अर्ज मंजूर व्हायला एकूण एकोणीस महिने लागले. आणि मग काहीच झालं नाही.

बाळंतपण संपून पोर सांभाळणं सुरू झालं. मी रोज नऊ ते बारा केंद्रात बसे. टाय लावून. फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा सिस्टर डोव्ही होती, गॅसचं बिल कुठं भरायचं विचारत. वर्षअखेर आली. वार्षिक अहवालाचे कागद मी ताठ बसून भरले: गुंतवणूकदार, शून्य. निर्माण झालेले रोजगार, शून्य. कारभारात झालेले बदल: स्वयंसेविका मंडळाच्या अध्यक्षा प्रभूकडे गेल्या. या वाक्यावर सरकारकडून खुलासा मागवणारं पत्र आलं: कुठे गेल्या?

ऑर्विल दुकानाच्या दारात उभा राहून ओरडायचा, "काय डीकन, आज रांग फार होती का?" मी हॅटला हात लावून पुढं जायचो. माणसाने अपमान गिळावा, पण हॅट सरळ ठेवावी.

दरम्यान व्हॅन दोनदा गॅरेजमध्ये गेली. सात जणींच्या सहा झाल्या. सिस्टर लुवेनियाची खुर्ची, म्हणजे व्हॅनमधली डावीकडची दुसरी, बायकांनी कुणालाच दिली नाही. त्यावर पर्सेस ठेवायच्या. अर्लीनच्या पायांची सूज आता चपलांत मावत नव्हती. रात्री ती विचारायची, "आज कोण आलं केंद्रात?" आणि मी म्हणायचो, "चौकशा आहेत." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या थापा मी या केंद्रापायी मारल्या, आणि सगळ्या त्या एका बाईला, जिला त्या कळत होत्या.

मार्चमध्ये फोन वाजला. बर्निस होती. "डीकन, एक माणूस आहे. व्हिएतनामचा. मुलगी आपल्याच राज्यात औषधशास्त्र शिकते. तो आणि त्याची विधवा बहीण, दोघं मिळून. त्याला या रविवारी गाव बघायचंय."

"देवाची कृपा! काय करतो?"

बर्निस म्हणाली, "मासे वाढवतो. कॅटफिश."

पृथ्वीच्या पाठीवर एकशे नव्वद देश. त्यांत माणूस यायचा तो हाच. बाहेरून स्वस्त मासा येऊ लागला आणि आमचा कारखाना बंद पडला, असं टिलोबात पाळण्यातलं पोरही सांगतं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली. ऑर्विलने एका गिऱ्हाइकाचे केस अर्धवट ठेवून माझं दार गाठलं.

"त्याच्या माशानं आपल्या बायकांची नोकरी खाल्ली, आणि आता तूच त्याला जेवायला घालणार?"

"हो," घरातून अर्लीन म्हणाली, "आणि ऑर्विल, मासे तू तळायचेस. तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत."

मासे त्यानेच तळले.

शनिवारी बर्निसने रेव्हरंडना आणि मला समोर बसवलं. "एकच गोष्ट ध्यानात ठेवा. कायदा म्हणतो, गुंतवणुकीत पैसा बुडायची शक्यता असलीच पाहिजे. 'पैसे परत मिळतील' असं कुणीही वचन दिलं, एका शब्दानेही, तर सगळं ओम फस्स. वचन नाही. खात्री नाही. रेव्हरंड, माझ्याकडे बघा."

"बेटी," रेव्हरंड गंभीरपणे म्हणाले, "मी फक्त प्रवचन देणार आहे."

यातला धोका त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवा होता. ज्या माणसाचा धंदाच वचनं देण्याचा, त्याला वचन देऊ नको सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं.

रविवारी मिस्टर थिन्ह आले. साठीचे, बुटके, करड्या रंगाचा सूट, हात माझ्या गावच्या बायकांसारखे: बोटं गुळगुळीत. मुलगी लिएन त्यांच्या कानाशी प्रत्येक वाक्य त्यांच्या भाषेत कुजबुजत होती. ते तिसऱ्या बाकावर बसले. दुसऱ्यावर अर्लीन, मदर झेल्मा आणि व्हॅनच्या बाकीच्या चौघी. मागे बर्निस, हातात, अंत्यविधीवाले जाहिरातीसाठी वाटतात तो, पुठ्ठ्याचा पंखा.

रेव्हरंडनी बायबलातली कथा निवडली ती पाच भाकरी आणि दोन माशांची: येशूने त्यांवर हजारोंना जेवू घातलं आणि तरी टोपल्या भरून उरलं. पाहुण्याच्या मानासाठी, असं त्यांनी नंतर सांगितलं. आधी ते सावकाश बोलले. मग हातरुमाल निघाला. मग डेलरॉयने ऑर्गनवर खालचा एक सूर दाबून धरला, आणि रेव्हरंड गाऊ लागले.

"दोन मासे होते त्याच्याकडे—"

"बोला!"

"दोनच मासे! पण ठेवले ना धन्याच्या हातात—"

"ठेवले!"

"आणि परत किती आल्या? मी विचारतो, परत किती आल्या? बारा टोपल्या! भरलेल्या! काठोकाठ!"

बर्निसचा पंखा थांबला.

"म्हणून सांगतो, पाहुण्या बंधो, ठेव तुझे मासे या टिलोबाच्या टेबलावर! देव बुडवत नाही—"

"बुडवत नाही!"

"तुझा एक तुकडा वाया जाणार नाही—"

लिएन भराभर कुजबुजत होती. मी मागे पाहिलं. बर्निसचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ती ओठांनी नि:शब्द एकच शब्द म्हणत होती: डीकन. डीकन. डीकन.

एक्काहत्तर वर्षांत मी कुणाचं गायलेलं प्रवचन तोडलेलं नाही. लग्नातून उठून जाणारा माणूस मी पाहिलाय, प्रेतयात्रेतून जाणारा पाहिलाय. पण रेव्हरंड वरच्या सुरात असताना उभा राहून हात वर करणारा डीकन पृथ्वीवर झाला नसेल. तो मी झालो.

"रेव्हरंड," मी म्हणालो, "क्षमा असावी. कायद्याप्रमाणे मला काही वाचून दाखवायचंय."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. खिशातून मी बर्निसचा कागद काढला. धोक्यांची यादी, प्रत्येक गुंतवणूकदाराला द्यावी लागते. उभ्यानेच वाचलं:

"हे डायलिसिस केंद्र कदाचित बांधलंच जाणार नाही."

डेलरॉयने, निव्वळ सवयीने, वाक्याच्या शेवटी ऑर्गनचा एक सूर दिला.

"हो, प्रभू," मागून कुणीतरी म्हणालं. तेही सवयीनेच.

"बांधलं, तरी परिचारिका मिळतीलच असं नाही."

"खरं आहे!"

"कायदा बदलू शकतो—"

"नेहमीच बदलतो!" ही सिस्टर नेटी.

"मंजुरी मिळायला वर्षं लागू शकतात. आणि केंद्राचा मुख्य व्यवस्थापक एक्काहत्तर वर्षांचा आहे, त्याची तब्येत कशी राहील सांगता येत नाही—"

"दया कर, देवा!" हा ऑर्विल, मनापासून.

मी गात नव्हतो. तसा माझा दावा आहे. पण ऑर्गन वर चढत होता आणि त्याच्यामागे माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या जात होत्या. "सगळे पैसे बुडू शकतात! एकूण एक! परत काही मिळणार नाही, असं समजूनच घाला!" चर्च दणाणलं. मी पुढची ओळ घेतली.

"रुग्णांची संख्या कमी होऊ—"

आणि दुसऱ्या बाकाकडे माझी नजर गेली. सहा हॅट. सातवीच्या जागी पर्सेस, तिथंही. रुग्णांची संख्या कशी कमी होते, ते कागदावर लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. मी कागद खाली केला. डेलरॉयने हात उचलला.

अर्लीन मागे वळली नाही. समोर बघूनच म्हणाली, "वाच पुढं, लूशस. कमी होऊ शकते. वाच."

मी वाचलं. मदर झेल्मा हळूच "आमेन" म्हणाली. मी खाली बसलो आणि रेव्हरंडनी, तेव्हापासून त्यांच्याविषयी माझा आदर दुणावला, एवढंच म्हटलं: "डीकननी प्रवचन संपवलं आहे. दानाच्या थाळ्या आज फिरणार नाहीत."

जेवताना मिस्टर थिन्ह ऑर्विलचा मासा सावकाश खात होते. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. शेवटी लिएन म्हणाली, "बाबा म्हणतात, तळलाय फार छान. मासा आमच्याकडचा जास्त चांगला."

"खोटं तरी बोलायचं चार लोकांत!" ऑर्विल तडकला.

"ऑर्विल," मी म्हणालो, "हा माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही. बस खाली."

मग पाहुण्यांनी विचारलं, व्हॅन सोमवारी किती वाजता निघते. सोमवारी ते व्हॅनमध्ये होते. चोपन्न मैल जाताना, चोपन्न येताना. बायका नेहमीप्रमाणे गात होत्या. मदर झेल्मा वरच्या पट्टीत, ओला-बी आणि नेटी खालच्या, अर्लीन मध्ये. पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. अर्लीनने डावीकडच्या दुसऱ्या खुर्चीवरच्या पर्सेस उचलल्या.

परत आल्यावर ते केंद्राच्या दारात आले, पाय पुसले, आणि लिएन म्हणाली, "बाबा विचारतात, सही कुठं करायची? ते म्हणतात, आजवर पाच केंद्रं पाहिली. सगळीकडे बारा टोपल्याच होत्या."

त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली. आठ खुर्च्यांचं डायलिसिस केंद्र जुन्या टपाल कचेरीच्या जागेत उभं आहे. माझी खिडकी होती तिथं आता वजनकाटा आहे. बांधकाम धरून एकवीस जणांना काम मिळालं. माझ्या दारापासून एकशे ऐंशी पावलं. मी मोजलीत. पहिल्या सोमवारी मी अर्लीनला हाताला धरून घेऊन गेलो आणि वाटलं, आता हॅट काढून बसावं.

बुधवारी सकाळी दाराशी व्हॅनचा भोंगा वाजला. आत मदर झेल्मा, ओला-बी, नेटी आणि बाकीच्या दोघी.

"कुठं निघालात?" मी विचारलं. "खुर्ची समोर आहे!"

"दिसतेय ना," अर्लीन शाल घेत म्हणाली. "पण गायचं कुठं, लूशस? एकशे ऐंशी पावलांत एक कडवं पण होत नाही."

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी ही व्हॅन जुन्या कारखान्यापर्यंत नेतो, मासळीच्या तळ्यांना वळसा घालून परत आणतो आणि निघालो तिथून एकशे ऐंशी पावलांवर सहा जणींना उतरवतो. अकरा मैल. टाय लावून. ऑर्विल दुकानाच्या दारातून हॅटला हात लावतो, हसत नाही. क्वचित मागे चढून बसतो.

मागच्या महिन्यात सरकारचा तपासनीस आला. शिस्तीचा माणूस. सगळे कागद बघितले, सगळे बरोबर निघाले. शेवटी त्याने व्हॅनची नोंदवही उघडली. "मिस्टर पेटवे, तुमचे रुग्ण इथंच राहतात. मग ही अकरा मैलांची फेरी? प्रवासाचं कारण हा रकाना सगळीकडे कोरा आहे. कोरा चालणार नाही."

एकतीस वर्षांत एक रकाना कोरा सोडला नाही मी. हा सोडला होता, कारण काय लिहावं कळेना. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. वजनकाट्यावरून मदर झेल्मा उतरली, जांभळी हॅट सारखी केली, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीपासून खाली, एकेका तारखेसमोर, त्याच थरथरत्या वळणदार अक्षरात लिहीत गेली:

'गात होतो.'